एसीला बर्फ का धरतो?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



ऊन तापायला लागलं की आमच्याकडे येणाऱ्या फोनचे विषय बदलतात. पूर्वी या दिवसांत कुलरचे आणि पाण्याच्या टंचाईचे प्रश्न असायचे, आता त्यात एसीची भर पडली आहे. वाडीवस्तीवरही पत्र्याच्या खोलीच्या भिंतीला बाहेरून एसीचं खोकं टांगलेलं दिसतं. कुणी म्हाताऱ्या सासूबाईंसाठी घेतला, कुणी बाळंतिणीच्या खोलीत बसवला, कुणी पार्लरसाठी नाहीतर केकच्या धंद्यासाठी. बहुतेकींनी हप्त्यावर घेतलाय. आणि फोनवर हमखास येणारा प्रश्न असा: “ताई, आमच्या एसीच्या आत पांढराशुभ्र बर्फ धरलाय. म्हणजे तो जोरात थंड करतोय ना? मग खोली का गार होत नाही?”

आज याच प्रश्नावर बोलू. या बर्फापायी कितीतरी घरांत दर उन्हाळ्याला “गॅस संपला” असं ऐकून दोन-तीन हजार रुपये जातात, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा तेच. सगळ्या बर्फाचं कारण गॅस नसतं. फार वेळा ते कारण जाळीवर साचलेल्या धुळीत असतं, आणि ती धूळ आपण स्वतः, एक पैसा खर्च न करता काढू शकतो. आणि गॅसच कमी झाला असेल तर तो ‘संपलेला’ नसतो, गळालेला असतो. या दोन गोष्टी एकदा नीट समजल्या की मेकॅनिकशी बोलताना आपण गप्प राहत नाही.

आधी एसी थंड कसा करतो ते पाहू. माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता ओढून घेते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. एसीतही हाच प्रकार आहे. फक्त पाण्याऐवजी एक वायू आहे, आणि तो बंद नळीत फिरतो. खोलीतल्या खोक्याची पुढची झाकणी उचलली आणि जाळ्या काढल्या की मागे चांदीसारख्या चकचकीत बारीक पत्र्यांचा एक पडदा दिसतो. ती कॉइल. तिच्यामधून तांब्याची (काही यंत्रांत ॲल्युमिनियमची) नळी वळणं घेत जाते. नळीत पातळ झालेला वायू येतो, तिथे त्याची वाफ होते आणि ती खोलीतली उष्णता ओढून घेते. ती उष्णता बाहेरच्या खोक्यात जाऊन बाहेरच्या हवेत फेकली जाते. तोच वायू पुन्हा पातळ होऊन आत येतो. वर्षानुवर्षं तोच. तो जळत नाही, झिजत नाही, खर्चही होत नाही.

आता कॉइलवर पाणी का येतं? फ्रिजमधून काढलेला तांब्या ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. हवेतला ओलावा गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसतो. कॉइलवरही तेच होतं, आणि ते पाणी खालच्या पन्हळीतून नळीने बाहेर जातं. खरं तर या यंत्राचा जन्मच ओलाव्यापायी झाला. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा काढणारी व्यवस्था आखली. माणसांना गारवा मिळाला तो नंतर. ‘टन’ हा शब्दही बर्फाकडूनच आलाय. एक टनाचा एसी म्हणजे चोवीस तासांत सुमारे ९०० किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून काढणारा. एसीच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.

चांगल्या चाललेल्या एसीची कॉइल शून्याच्या काही अंश वरच राहते. म्हणजे पाणी होतं, बर्फ होत नाही. ती शून्याच्या खाली जात नाही, कारण आतला पंखा खोलीतली गरम हवा सतत तिच्यावरून नेत असतो. हवा उष्णता देते, वायू ती घेतो, असा देण्याघेण्याचा मेळ असतो. हा मेळ दोन बाजूंनी बिघडू शकतो. एक तर कॉइलवरून जाणारी हवा कमी पडते, म्हणून तिला पुरेशी उष्णताच मिळत नाही. नाहीतर नळीतला वायू कमी झालेला असतो, म्हणून दाब उतरतो, आणि कमी दाबावर वायू जास्तच थंड होऊन उकळतो. दोन्हींत कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावरचं पाणी गोठतं.

मग गंमत बघा. थोडा बर्फ धरला की पत्र्यांमधल्या फटी बुजतात. फटी बुजल्या की हवा आणखी कमी. हवा कमी झाली की बर्फ आणखी जास्त. तासा-दोन तासांत सगळी कॉइल पांढरी गोधडी पांघरून बसते. पंख्याचा आवाज येतो, हवा मात्र येत नाही. थंडी आहे, पण ती बर्फाच्या मागे अडकली आहे. मीटर मात्र फिरतच असतो.

हे चालू ठेवलं तर मोठं नुकसान होतं. वायूची पूर्ण वाफ न होता तो पातळ स्वरूपातच बाहेरच्या कॉम्प्रेसरकडे परत जातो. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी केलेला असतो, पातळ पदार्थ त्याला दाबता येत नाही. हळूहळू तो खराब होतो, आणि कॉम्प्रेसर हाच एसीतला सगळ्यात महाग भाग. म्हणून बर्फ दिसल्यावर “आजची रात्र काढू, उद्या बघू” असं करू नका.

बर्फ दिसला की पहिलं काम थंड करणं बंद करायचं. रिमोटवर मोड बदलून नुसता पंखा लावा, पंख्याचा वेग सर्वांत जास्त ठेवा. खोलीची हवाच बर्फ वितळवेल. दोन-तीन तास लागतात, जाड थर असेल तर जास्तही. खाली बादली आणि जुनी चादर ठेवा, कारण पन्हळीला न मावणारं पाणी भिंतीवरून येतं. ते पाणी बोर्डावर, वायरवर किंवा प्लगवर येत असेल तर पंखाही नको. कोरड्या हाताने एमसीबी खाली पाडा आणि बर्फ आपोआप विरघळू द्या. आपल्याकडे बऱ्याच घरांना अर्थिंग धड नसतं, तेव्हा ओल्या भिंतीला हात लावून बघायचा मोह आवरा.

बर्फ खरवडायचा नाही. सुरी नको, उलथनं नको, स्क्रूड्रायव्हर तर अजिबात नको. ती नळी फार पातळ असते. एक टोचा लागला की सगळा वायू काही क्षणांत बाहेर, आणि मग दुरुस्ती खरोखरच महागात जाते. उकळतं पाणीही ओतू नका.

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर हे दोन-तीन तास कसे काढायचे, हा खरा प्रश्न असतो. जमलं तर वितळवण्याचं काम पहाटे करा, तेव्हा बाहेरची हवा त्यातल्या त्यात गार असते. भर दुपारी वेळ आली तर त्यांना घरातल्या सर्वांत गार खोलीत न्या, अंगावरून ओलं फडकं फिरवा, पंख्याखाली बसवा, मोठ्यांना घोट घोट पाणी द्या आणि बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागलं, गुंगी आली किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर एसीचा विचार सोडा, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहा.

बर्फ पूर्ण गेला की आता कारण शोधू. पहिली शंका जाळीवर, म्हणजे फिल्टरवर घ्यायची. आमच्या केंद्रावर आलेल्या मेकॅनिकनेच सांगितलं की बर्फाच्या तक्रारीवर गेल्यावर तो आधी जाळी बघतो. शहराच्या फ्लॅटमधल्या एसीला जी धूळ मिळत नाही ती आपल्या एसीला मिळते. मळणीचा भुसा, कापसाचं बोंडकं, शेजारच्या पिठाच्या गिरणीचं पीठ, कांडपातून उडालेली मिरची, कारखान्याच्या धुराड्यातून आलेली काजळी, चुलीचा धूर. आणि फोडणीच्या तेलाची वाफ सगळ्यांत वाईट, कारण ती जाळीवर चिकट थर देते आणि पुढची धूळ त्यावर लेपासारखी बसते. कंपनीच्या पुस्तकात दोन आठवड्यांनी जाळी धुवा असं लिहिलेलं असतं. सुगीच्या दिवसांत आपण ती आठवड्याला धुवावी हे बरं.

धुणं सोपं आहे. एमसीबी बंद करा. पक्क्या स्टुलावर चढा, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नको, आणि कुणाला तरी स्टूल धरायला सांगा. पुढची झाकणी दोन्ही बाजूंनी धरून वर उचलली की जाळ्या दिसतात, त्या जरा वर ढकलून खाली ओढल्या की निघतात. नळाखाली धरताना स्वच्छ बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर जाते. उलट धरलं तर ती जाळीत आणखी रुतते. चिकटपणा असेल तर कोमट पाण्यात भांड्याचा साबण, आणि मऊ ब्रश. तारेची घासणी नको. सावलीत वाळवा, उन्हात प्लॅस्टिक वाकडं होतं आणि मग खाचेत बसत नाही. पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा. आणि जाळी काढून ठेवून एसी चालवू नका. “जाळी नाही तर हवा मोकळी” असं वाटतं खरं, पण मग सगळी धूळ थेट कॉइलवर जाते आणि ती काढणं आपल्या हातात राहत नाही.

जाळी काढलेली असतानाच बॅटरीच्या उजेडात मागची कॉइल बघून घ्या. पत्र्यांच्या फटी मोकळ्या दिसल्या पाहिजेत. करड्या लोकरीसारखा थर दिसला तर जाळी धुऊन भागणार नाही, मेकॅनिककडून पाण्याची सर्व्हिसिंग करून घ्यावी लागेल. खाली हवा बाहेर येते त्या फटीतून आत बघितलं तर एक लांब गोल पंखा दिसतो, त्याला ब्लोअर म्हणतात. त्याच्या पात्यांवर धुळीची पुटं चढली की तो फिरतो पण हवा उचलत नाही. चमच्यात पीठ चिकटलेलं असताना तेल मोजायला गेलं की कमी मावतं ना, तसंच. नुसती जाळी धुतली आणि तरी हवा मंदच असेल तर बहुधा हा ब्लोअर माखलेला असतो. सर्व्हिसिंगला आलेल्याने तो साफ केला की नाही हे मुद्दाम बघा. घाईत कॉइलवर फवारा मारून ब्लोअर तसाच ठेवून जाणारे पुष्कळ आहेत.

हवा अडायची आणखीही कारणं असतात, तीही बघून टाका. एसीसमोर कपाट आलंय का? जाळीवरून पडदा किंवा वाळत घातलेली साडी लोंबतेय का? पंखा सगळ्यांत हळू वेगावर ठेवलाय का? आणि विजेचा दाब? संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे दिवे पिवळे पडतात. तेव्हा साध्या एसीतला पंखाही मंदावतो. शिवाय कमी दाबावर कॉम्प्रेसरला त्रास होतो तो वेगळाच. स्टॅबिलायझर हा खर्च टाळू नये असं आम्हाला वाटतं. तुमच्या एसीला तो लागतो की नाही आणि कोणत्या मापाचा, हे पुस्तकात दिलेलं असतं. वीज गेली आणि आली की एसी लगेच चालू न करता तीन मिनिटं थांबा.

आता रिमोटबद्दल. आपल्याकडे सोळा आकड्याचं फार प्रेम आहे. आधी सोळावर लावायचं आणि मग गोधडी शोधायची! सोळावर लावल्याने साधा एसी लवकर थंड करत नाही. तो त्याच गतीने थंड करतो, फक्त थांबत नाही. चोविसावर लावला तर खोली चोवीसला आली की कॉम्प्रेसर थांबतो, तेवढ्यात कॉइलला उसंत मिळते आणि कुठे थोडं दंव धरलं असलं तरी विरघळतं. सोळावर ती उसंतच नाही. रात्री बाहेरही गारवा, दार बंद, पंखा हळू, आकडा सोळा, जाळीवर धूळ, हे सगळं जुळून आलं की पहाटे बर्फ ठरलेला. पावसाळ्यात मुळात गार हवेत एसी लावला तरी हे होतं. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात स्टार असलेले घरगुती एसी चालू केल्यावर चोविसावरच सुरू होतील असे करावे लागतात, आणि एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. २४ ते २६ आणि सोबत छताचा पंखा हळू, हे पुरतं. पत्र्याची खोली असेल तर आधी पत्र्याखाली छत करा किंवा वर पांढरा रंग द्या. तापलेल्या पत्र्याशी भांडत राहण्यात एसीचा जीव जातो.

धंद्यासाठी एसी वापरणाऱ्या गटांनी इथे जरा जास्त लक्ष द्या. बटण मशरूमला पीक येताना १४ ते १८ अंश लागतात, म्हणून काही जणी घरगुती एसी सोळावर लावून चोवीस तास चालवतात. खोलीत ओलावा भरपूर, भुशाचे कण आणि मशरूमची बीजुकं हवेत, तापमान कमी. तिथे बर्फ धरणारच. भाजी किंवा फुलं टिकवायला कोठीत घरगुती एसी लावणाऱ्यांचंही तेच होतं. तो एसी त्या कामासाठी बनलेलाच नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. धिंगरी मशरूम घेतलं तर एवढा गारवा लागत नाही. बटणच करायचं असेल तर शीतगृहाचं यंत्र बसवणाऱ्याशी बोला, आणि कर्ज काढण्याआधी बोला.

जाळी स्वच्छ, पंखा जोरात, आकडा चोवीस, समोर अडथळा नाही, एवढं करून एसी पुन्हा थंडवर लावा. दोन तास जाऊ द्या. मग एमसीबी बंद करून झाकणी उचला आणि बॅटरीने बघा. कॉइल सगळीकडे सारखी ओली असेल, थेंब ठिबकत असतील, तर प्रश्न मिटला. बर्फ परत धरला असेल तर तो कुठे धरलाय ते बघा, कारण जागेवरून पुष्कळ कळतं. सगळ्या कॉइलवर सारखा थर असेल तर हवा अजूनही कुठेतरी कमी पडतेय, म्हणजे कॉइल किंवा ब्लोअर आतून घाण आहे. एका कोपऱ्यात, दोन-चार वळणांपुरताच बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट असेल, तर गॅस कमी असण्याची शंका घ्या. जमिनीवरून दिसत असेल तर बाहेरच्या खोक्याला जोडलेल्या दोन नळ्याही बघा, एक बारीक, एक जाड. बारीक नळीच्या पितळी नटावर पांढरं दंव दिसलं तर बहुतेक वेळा गॅस कमी असतो, जाड नळीवर बर्फ चढला तर बहुतेक वेळा हवेची तक्रार असते. नटापाशी तेलकट डाग दिसला तर तिथे गळती असण्याचा संभव मोठा, कारण वायूबरोबर यंत्रातलं तेलही झिरपतं. एवढंच बघायचं. भिंतीवर चढायचं नाही, बाहेरचं खोकं उघडायचं नाही. त्यातला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

कधी कधी सगळं स्वच्छ असतं, गॅसही बरोबर असतो, तरी बर्फ धरतो. कॉइलला टेकवलेला एक छोटा सेन्सर असतो. कॉइल फार गार झाली की तो कॉम्प्रेसरला थांबवतो. सर्व्हिसिंगच्या वेळी तो जागेवरून निसटला किंवा खराब झाला की थांबवणारं कुणी उरत नाही. खोली गारठली, आकडा सव्वीस आहे, तरी बाहेरचं यंत्र थांबत नाही, असं दिसलं तर मेकॅनिकला सेन्सर बघायला सांगा. हा भाग स्वस्त असतो.

आता गॅसकडे येऊ, कारण पैसे इथेच जातात.

“ताई, गॅस संपलाय, दर वर्षी भरावाच लागतो” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आमच्या एका श्रोत्या ताईंनी सलग तीन उन्हाळे गॅस भरला. त्या म्हणाल्या, “आमचा एसी गॅस पितो.” एसी गॅस पीत नाही. तो स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही, हे आपण वर पाहिलं. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. गळकी घागर रोज भरत बसण्यापेक्षा भोक बुजवणं शहाणपणाचं. त्या ताईंच्या एसीला नंतर गळती सापडली ती बाहेरच्या नटाच्या जोडावर. जोड कापून नव्याने केला आणि मग गॅस भरला.

म्हणून मेकॅनिक गॅसचं नाव काढेल तेव्हा आधी विचारा, “गळती कुठे आहे ते दाखवा.” नायट्रोजन भरून, दाब देऊन, जोडांवर साबणाचा फेस लावला की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. आपल्यालाही दिसतात, त्यात गूढ काही नाही. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओलावा ओढून काढावा लागतो, त्याला निदान पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. काही जण पंप न लावता थोडा गॅस सोडून “हवा काढली” म्हणतात. मग आत राहिलेला ओलावा अरुंद नळीच्या तोंडाशी गोठतो आणि एसी पुन्हा अडतो. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती भरायचा ते बाहेरच्या खोक्यावरच्या पट्टीवर ग्रॅममध्ये किंवा किलोमध्ये लिहिलेलं असतं, आणि कोणता गॅस तेही. आपण गूळ घेताना काटा बघतो, इथेही बघा. बिलावर गॅसचं नाव, वजन आणि गळतीची जागा लिहून घ्या. पुढच्या वर्षी तोच जोड पुन्हा गळला तर हातात कागद हवा. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा, बाहेरच्याने यंत्र उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते.

एका यंत्रात दुसऱ्याचा गॅस भरू देऊ नका. जुन्या एसीत आर-२२ असतो, अलीकडच्या बऱ्याच एसीत आर-३२, काहींत आर-४१०ए, काहींत आर-२९०. यातला आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, सहज पेट घेणारा. आर-३२ सुद्धा थोडा का होईना पेटतो. म्हणून काम चालू असताना खिडक्या-दारं उघडी, देवघरातला दिवा विझवलेला, चूल बंद, कुणी विडी ओढायची नाही, मुलं लांब. नळीत गॅस असताना तिच्यावर जाळाने डाग देऊ लागला तर त्याला तिथेच थांबवा. संकोच करू नका, घर आपलं आहे. शिवाय हे वायू हवेत सोडले की पृथ्वीची उष्णता वाढवतात. एक किलो आर-३२ हा सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार टाकतो.

आणि गळती का होते? बसवताना जोड नीट आवळला नाही, हे एक कारण. आपल्याकडचं खास कारण मात्र गोठा आहे. जनावरांच्या मूत्रातून अमोनिया सुटतो, बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतं, आणि दोन्ही तांब्याला खातात. बाहेरचं खोकं गोठ्याच्या किंवा बायोगॅसच्या टाकीच्या बाजूला टांगलं तर काही वर्षांत नळीला बारीक भोकं पडतात. समुद्रकाठी खारी हवा हेच काम करते. नवीन एसी बसवणार असाल तर भिंत निवडताना हे बघा. नळी चार फूट जास्त लागली तरी चालेल. गोठ्याची बाजू टाळा.

एक फसवी गोष्टही सांगून ठेवतो. गॅस थोडा कमी असतो तेव्हा बर्फ धरतो. गळत गळत फारच कमी झाला की बर्फही धरत नाही आणि नुसती कोमट हवा येते. तेव्हा बर्फ आपोआप थांबला म्हणून एसी बरा झाला असं समजू नका, खोली गार होते का ते बघा.

बाहेर पाणी नेणारी नळी तुंबली तर खोलीत पाणी ठिबकतं, पण ती तक्रार वेगळी, तिचा गॅसशी संबंध नाही. बऱ्याचदा नळीच्या टोकाला कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं, किंवा टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. टोक मोकळं आणि खालच्या बाजूला उतरतं ठेवा.

गल्लीत चार-पाच घरी एसी असतील तर होळीच्या आधी एकच दिवस ठरवून सगळ्यांची सर्व्हिसिंग करून घ्या. मेकॅनिकला एकाच फेरीत काम मिळतं, तो भाव कमी करतो, आणि भर उन्हाळ्यात त्याच्या मागे धावावं लागत नाही. गटातल्या एकीने प्रत्येक घरची तारीख, काय केलं आणि किती पैसे दिले हे वहीत लिहून ठेवावं. गॅस कुणाच्या घरी किती वेळा भरला हे त्या वहीतून लगेच दिसतं.

परवा एका ताईंनी विचारलं, एसीचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर चालेल का? नाही. ते दिसतं स्वच्छ, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात येतात, बॅटरीला विकतचं शुद्ध केलेलं पाणीच हवं. पिण्याला आणि स्वयंपाकालाही ते वापरू नका. फरशी पुसायला, संडासात टाकायला, फुलझाडांना चालतं. फक्त ज्या दिवशी औषध मारून सर्व्हिसिंग केली असेल त्या दिवशीचं पाणी झाडांना घालू नका.